ज्याच्या गच्चीवर उतरलं त्याचं

माझ्या नवऱ्याचं नाव कुंडलिक. एरवी मी नाव घेत न्हाय, पण डोकं तापलं की घेते. आणि ही हकिकत सांगताना माझं डोकं तापलेलंच असणार हाय, म्हणून आधीच सांगून ठेवते. कबुतरवाला कुंडलिक. सोलापुरात शुक्रवार पेठेत कुणालाबी इचारा, घर दाखवतील आणि दाखवताना हसतील.

लगीन होऊन मी माढ्याकडनं हितं आले तवा गच्चीवर ढाबळ आधीपासनं होती. फळ्या, जाळी, वर पत्रा, आत तीसेक कबुतरं. सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं, सूनबाई, वर तुझ्या सवती राहतात. मला वाटलं म्हातारी चेष्टा करतीया. बावीस वर्षं झाली त्याला. मी चादरीच्या कारखान्यात टॉवेलाच्या घड्या घालते, सकाळी आठला जाते, संध्याकाळी सहाला येते. कुंडलिक रिक्षा चालवतो, ती पाखरांच्या वेळात बसेल तशी. नव्या पेठेतल्या भर गर्दीत रिक्षा थांबवून वर बघत बसलेला माणूस हाय हा, आणि मागं बसलेली बाई विचारतीया, दादा, पंक्चर झालं का?

उन्हाळ्यात ह्यांची स्पर्धा असते. आदल्या दिवशी पंच येऊन पाखराच्या पंखावर शिक्का मारतो. सकाळी सहाला पाखरू सोडायचं, आणि ज्याचं सगळ्यात उशिरा खाली उतरंल तो जिंकला. सोलापूरच्या उन्हात, जिथं माणूस दुपारी दार उघडत न्हाय, तिथं ती पाखरं दहा-दहा तास वर. आणि हे गच्चीवर डोक्याला ओला टॉवेल बांधून, मान वर करून. तो टॉवेलबी मीच घडी घातलेला.

ह्या लोकांचे कायदे कुठं लिहिलेले न्हाईत, पण कोर्टापेक्षा कडक. एक कायदा असा, की दुसऱ्याचं पाखरू आपल्या गच्चीवर उतरलं तर ते आपलं. मालक मागायला येत न्हाय, आपण द्यायला जात न्हाय. परत नेऊन दिलं तर त्याचा अर्थ, तुझं पाखरू ठेवण्याच्या लायकीचं न्हाय. एवढ्यावरनं आमच्या पेठेत दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला गेले न्हाईत. दुसरा कायदा असा, की पाखरू आजारी पडलं तर त्याला मारायचं न्हाय, पाप लागतं. मग काय करायचं? गच्चीवरनं उडवून द्यायचं. जाईल तिकडं जाईल, त्याचं नशीब. ह्याला हे लोक दया म्हणतात.

आता हे दोन कायदे शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकजण आजारी पाखरू सोडून देतो, दुसरा उतरलेलं ठेवून घेतो. बावीस वर्षं मी दोन्ही ऐकत होते, पण दोन्ही मिळून काय होतंय हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं न्हाय. माझीबी अक्कल काढा, मी काय म्हणणार न्हाय.

पाडवा होऊन चार दिवस झाले असतील. मी कामाला निघाले होते आणि वरनं कुंडलिकची हाक आली, अगं वर ये, लवकर ये. मला वाटलं पडला-बिडला. वर गेले तर हा ढाबळीपुढं उकिडवा बसलेला, आणि हातात निळी मादी. धुळाची निळी मादी. गेल्या साली साडेदहा तास वर राहून जिनं स्पर्धा मारली ती.

धुळा म्हणजे आमच्यापासनं तिसरं घर. अक्कलकोटकडचा धनगर, मार्केट यार्डात हमाली करतो, आईला घेऊन राहतो. कुंडलिकचा लहानपणापासनंचा दोस्त आणि तेवढाच जुना दुष्मन. त्याचं सगळ्यात भारी पाखरू आपल्या गच्चीवर उतरलं म्हणल्यावर कुंडलिकला आभाळ ठेंगणं झालं. मी म्हणलं, धुळानं असलं पाखरू हातचं जाऊ कसं दिलं? तर म्हणतो, उन्हानं भरकटली. मी म्हणलं, हिचा एक डोळा गळतोय की. तर म्हणतो, वारा लागलाय. मी म्हणलं, चार दिवस वेगळी तरी ठेवा. तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी नव्या नवरीला गोठ्यात झोपवा म्हणलं होतं.

मादी पाणी पीत न्हवती. तर ह्यानं काय केलं? स्वतःच्या तोंडात पाण्याची गुळणी धरली, तिची चोच आपल्या ओठात घेतली, आणि पाजलं. ही ह्या लोकांची जुनी रीत हाय, पिल्लांना आणि दमलेल्या पाखरांना असंच पाजतात. दिवसातनं चार वेळा. आमची लेक बार्शीला दिली, ती लहान असताना ह्यानं तिला एक घास कधी भरवला न्हाय. ते आठवून माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी तशीच कामाला निघून गेले.

नवव्या दिवशी मादी मेली. तोवर आमच्या पाखरांतली तीन डोळे मिटून, फुगून कोपऱ्यात बसली होती. हागवण हिरवी. आणि शिंकत होती. पाखरू शिंकतं हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. कुंडलिक रोज खराट्यानं ढाबळ झाडायचा, वाळलेल्या विष्ठेचा धुरळा उठायचा, आणि त्या धुरळ्यात हा उघड्या तोंडानं.

मग ह्याला ताप आला. साधा न्हवे, खाटंसकट हलवणारा. डोकं फुटतंय म्हणायचा, दोन्ही हातांनी धरून बसायचा. कोरडा खोकला. गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या, सुई दिली. काय धंदा करता, विचारलं. रिक्षा. तंबाखू? न्हाय. बस, एवढंच. ह्यानं आपण होऊन एक शब्द काढला न्हाय. घरी येताना मी म्हणलं, अवो, पाखरं आजारी हाईत आणि तुमीबी आजारी, हे सांगायला नको का? तर रस्त्यात थांबला. भिंतीला धरून म्हणला, “कागदावर कबुतर लिहिलं तर ढाबळ जाईल. माझी शपथ हाय तुला.”

त्याचं कारण त्रिंबक गुरुजी. समोरच्या घरातले, रिटायर मास्तर. त्यांनी दोन महिन्यांमागं महापालिकेत अर्ज दिला होता, की ह्या ढाबळींनी पेठ घाण होतीया, ह्या हटवा. कुंडलिकला वाटत होतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर कबुतर आलं की गुरुजींच्या हातात कोलीत मिळालं. स्पर्धा पंधरा दिवसांवर. म्हणजे छातीत आग लागली असताना ह्या माणसाचं डोकं कुठं चाललंय बघा. आणि मी? मी शपथ घेतली. नवऱ्याची शपथ, ती कशी मोडायची, असलं खुळं डोक्यात घेऊन मीबी गप्प.

पाचव्या दिवशी ह्याला धाप लागली. जिना चढता येईना, मग बोलता येईना. मोठ्या सरकारी दवाखान्यात नेला. छातीचा फोटो काढला, एका बाजूला सगळं पांढरं. तिथली डॉक्टरीण तरुण पोरगी होती, बुद्धप्रिया मॅडम. तिनं कामाची विचारपूस केली. घरात टीबी होता का कुणाला? बाहेरगावी गेले होते का? आणि मग विचारलं, घरात जनावरं, पाखरं काही?

मी कुंडलिककडं बघितलं. नाकात ऑक्सिजनची नळी, पण डोळे माझ्यावर रोखलेले. डोळ्यांनीच म्हणत होता, न्हाय म्हण. आणि मी म्हणलं, “न्हाय.”

माझ्याच तोंडानं म्हणलं मी ते. दुसऱ्या कुणावर ढकलणार न्हाय.

दोन दिवस सलाईन चालली, औषधं चालली, फरक काय पडंना. तिसऱ्या दिवशी मॅडमनं मला बाहेर घेतलं आणि सांगितलं, उद्यापर्यंत असंच राहिलं तर मशीनवर ठेवावं लागंल, मनाची तयारी ठेवा. मी घरी आले, ह्याचे कपडे घ्यायला. वर पाखरं तीन दिवस तशीच होती, म्हणून दाणापाणी टाकायला गच्चीवर गेले. दाराजवळ एक तांबडा नर बसला होता. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर, खालीवर. मी तिथंच खाली बसले. कुंडलिकचे खांदे असेच हलत होते. तसेच, त्याच चालीनं.

कपडे तिथंच टाकले आणि उलट्या पावली दवाखान्यात पळाले. मॅडम वॉर्डात होत्या. सगळ्यांच्या समोर सांगितलं, मॅडम, मी खोटं बोलले. घरात तीस कबुतरं हाईत, आजारी हाईत, आणि हा माणूस त्यांना तोंडानं पाणी पाजतो. त्यांच्या हातातलं पेन थांबलं. ओरडतील वाटलं, पण ओरडल्या न्हाईत. किती दिवसांपासनं, एवढं विचारलं. मग म्हणाल्या, “हे परवा सांगितलं असतं तर...” आणि वाक्य तसंच सोडून नर्सला हाक मारली.

औषध बदललं. कबुतरांच्या श्वासात आणि विष्ठेत एक जंतू असतो, तो माणसाच्या छातीत उतरतो, त्याला आधीची औषधं चालतच न्हाईत, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी भीत-भीत विचारलं, आता ढाबळ मोडायला लावणार का? तर म्हणाल्या, मला माणसाचं औषध बदलायचं होतं, ढाबळीचं मला काय करायचंय? पाखरांना जनावरांच्या दवाखान्यात विचारा, त्यांच्यावरबी उपचार हाय. जवळपास हेच औषध.

हेच औषध! ऐकताय ना? ज्या पाखरांना वाचवायला हा माणूस तोंड शिवून मरायला निघाला होता, ती पाखरं तोंड उघडल्यावर वाचणार होती. मला हसू का रडू कळंना. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी कुंडलिकला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या, की माहेरी कुणी ऐकल्या असत्या तर मला वाळीत टाकलं असतं.

दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी नळी निघाली, आणि डोळे उघडून पहिला शब्द काय काढला? पाखरांना पाणी ठेवलंस का. मी उठून बाहेर गेले. न्हाईतर उशी तोंडावर दाबली असती. आत आले तवा म्हणतो, तू शपथ मोडलीस.

“मोडली,” मी म्हणलं. “म्हणून तुमी बोलताय.”

जनावरांच्या डॉक्टरनं सगळं सांगितलं. पाण्यातनं औषध, पंचेचाळीस दिवस, एकबी दिवस चुकवायचा न्हाय. शिंपल्यांचा चुरा द्यायचा न्हाय, औषध बांधून ठेवतो. झाडायच्या आधी पाणी मारायचं, तोंडाला मास्क लावायचा. एकबी पाखरू बाहेर सोडायचं न्हाय आणि बाहेरचं आत घ्यायचं न्हाय. हे सगळं कुणी केलं? सवतीनं केलं. रोज सकाळी कामाला जायच्या आधी, मास्क लावून, शिव्या देत. सात पाखरं मेली, बाकीची उभी राहिली. शिक्का मारायला पंच आले, जोतीराम त्यांचं नाव, तर मी त्यांना जिन्यातनंच परत लावलं. औंदा आमचं पाखरू उडणार न्हाय, म्हणलं. कुंडलिक आतनं ऐकत होता, भिंतीकडं तोंड करून पडला.

आता खरं सांगायचं ते पुढं हाय. घरी आल्यावर बघायला माणसं यायची, तवा कुंडलिक सगळ्यांना सांगायचा, ऊन लागलं. रिक्षात बसून-बसून ऊन लागलं, ते छातीत गेलं. धुळाबी आला होता, त्यालाबी हेच सांगितलं. मी चहा देत होते. तोंडावर शब्द आले होते, पण दिवसभर घड्या घालून, वर पाखरं बघून, ह्याची पथ्यं बघून मी थकले होते. म्हणलं, जाऊ दे, माझा माणूस वाचला, आता गावाला कशाला सांगत बसू. कप गोळा केले आणि आत गेले.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी, रविवार होता, मी गच्चीवर पाणी मारत होते. कुंडलिक जिन्याच्या दारात खुर्ची टाकून बसला होता, अंगात अजून ताकद न्हवती. तेवढ्यात कठड्यावर एक पाखरू उतरलं. काळं, मानेवर पांढरा पट्टा. धुळाचं. एक डोळा चिकटलेला, चोच उघडी, शेपूट खालीवर.

आणि काय सांगू तुमाला, कुंडलिकचा हात पुढं आला. मरता मरता वाचलेल्या माणसाचा हात, सवयीनं, पुढं आला. ओठ आवळून, हळू आवाज काढत त्याला बोलवायला लागला. मी म्हणलं, हात लावाल तर आजपासनं ह्या घरात एक तुमी राहाल न्हाईतर मी. जुना टॉवेल टाकून पाखरू धरलं, तसंच गुंडाळलं, आणि जिना उतरले. मागनं तो म्हणत होता, परत नेऊ नको गं, परत देत नसतात. मी वळून बघितलं न्हाय.

भर दुपारी, तोंडाला मास्क, हातात टॉवेल, मी धुळाच्या दारात. चार दारं उघडली, माणसं बघायला लागली. धुळा बाहेर आला. मी टॉवेल पुढं केला. “तुझं पाखरू. धर.”

त्याचा चेहरा उतरला. वहिनी, असं नका करू, म्हणला, पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाय. मी विचारलं, निळी मादी आजारी होती ते तुला ठाऊक होतं का न्हाय? तो खाली बघायला लागला. मग म्हणला, “व्हय. मारायला हात धजला न्हाय, वहिनी.”

खोटं बोलला न्हाय, एवढं त्याचं कबूल करते. पण मी तिथं जे बोलले ते सगळं सांगण्यासारखं न्हाय. तुझा हात धजला न्हाय म्हणून तू माझ्या नवऱ्यावर मरण धाडलंस, असं काहीतरी म्हणलं. दयेच्या नावानं आजार हाकलून दिलास दुसऱ्याच्या गच्चीवर. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. कसलं मरण, वहिनी, त्याला तर ऊन लागलं होतं ना, म्हणला.

तेवढ्यात आतनं खोकला आला. कोरडा, तुटक, थांबतच न्हवता. मी धुळाला बाजूला सारून आत गेले. त्याची आई, गंगम्मा, खाटेवर. वर पत्रा, पत्र्याच्या वर ढाबळ, आणि पत्र्याच्या फटीतनं खाली पडलेली पिसं त्या बाईच्या पांघरुणावर. एरवी दारात बसून मला रोज हाक मारणारी बाई, कानडीतनं विचारायची, ऊटा आयता, जेवलीस का गं. कित्येक दिवस दारात दिसली न्हवती आणि मला वाटलं, ऊन हाय म्हणून आत बसतीया. अंगाला हात लावला तर चटका बसला. किती दिवस झाले रे, म्हणलं. बारा, धुळा म्हणला. म्हातारपणाचा खोकला हाय, काढा देतोय.

बारा दिवस. कुंडलिकला बघायला हा आमच्या घरी आला, चहा प्याला, ऊन लागलं असं ऐकून गेला, त्याच्या पुढच्या दिवसापासनं बारा. माझा धुळावरचा राग तिथंच कुठं गेला कळलं न्हाय. गेला म्हणजे संपला न्हाय, माझ्याकडं वळला. त्या दिवशी कप गोळा करताना चार शब्द बोलले असते, तर ह्या बाईच्या हातात बारा दिवस जास्तीचे आले असते.

बाहेर आले तर कुंडलिक भिंतीला धरत-धरत आलेला. मी म्हणलं, रिक्षा काढा. त्यानं काढली. मागं मी आणि धुळा, मधे गंगम्मा. पूर्ण रस्ताभर ह्या माणसानं एकदाबी वर बघितलं न्हाय. दवाखान्यात पोचल्या-पोचल्या, कुणी काय विचारायच्या आधी, मी सांगितलं, घरात कबुतरं हाईत, आजारी हाईत, आधी ते लिहा. बुद्धप्रिया मॅडमनं मला ओळखलं. तासाभरात औषध सुरू झालं.

चौथ्या दिवशी गंगम्मा गेली. वय सत्तरच्या पुढं, दोन्ही बाजूंची छाती भरलेली. मॅडम बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते अर्धं वाक्य त्यांनी मला ह्यावेळी ऐकवलं न्हाय, पण ते मला पाठ हाय.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी धुळाच्या दारात माणसं बसायला आली. बाया आत, गडी बाहेर सतरंजीवर. पेठेतले सगळे कबुतरवाले होते, दहा-बारा जण. पंच जोतीराम होते. त्रिंबक गुरुजीबी आले होते, कोपऱ्यात खुर्चीवर. कुणीतरी म्हणलं, वय झालं होतं म्हातारीचं. दुसरा म्हणला, औंदा ऊनच लई हाय. सगळ्यांनी माना हलवल्या. धुळानंबी हलवली. मी उंबऱ्यात उभी होते. कुंडलिककडं बघितलं. मनात ठरवलं होतं, की आज मी बोलणार न्हाय, आधी हा बोलंल. आणि न्हाय बोलला तर उद्याच्या सकाळच्या गाडीनं बार्शी, लेकीकडं, कायमची.

लई वेळ गेला. माणसं दुसऱ्या विषयावर जायला लागली. मग कुंडलिक उठला, गुडघ्यावर हात टेकून.

“ऊन न्हवतं,” तो म्हणला. “मला ऊन लागलं न्हवतं. धुळाची निळी मादी माझ्याकडं उतरली, तिचा डोळा गळत होता, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तरी ठेवली. तोंडानं पाणी पाजलं. तेच मला झालं, आणि तेच काकूला झालं. मी सांगितलं असतं तर ती आज हितं बसली असती.”

गुरुजींच्या समोर बोलला हे सगळं. गुरुजींच्या हातातली काठी जमिनीवर टेकलेली तशीच राहिली. धुळा ओंजळीत तोंड घालून बसला. कबुतरवाले एकमेकांकडं बघत न्हवते. त्या न बघण्यातनंच मला कळलं, की ह्या उन्हाळ्यात ह्यातल्या प्रत्येकानं एखादं तरी पाखरू सोडलंय न्हाईतर ठेवलंय.

मग मात्र मला राहवलं न्हाय. मी उंबरा ओलांडून गड्यांच्या मधे गेले. पदर नीट केला, आणि विचारलं, “कुणाकुणाच्या घरात खोकला हाय? खोटं बोलायचं न्हाय. हात वर करा.”

पहिला हात पंचाचा वर आला. सगळा हंगाम ह्या गच्चीवरनं त्या गच्चीवर शिक्के मारत फिरलेले जोतीराम, दुसरा हात तोंडावर धरून खोकत होते. मग मागच्या ओळीतला एक. मग त्याच्या शेजारचा. आणि मग कोपऱ्यातनं त्रिंबक गुरुजींनी काठी मांडीवर ठेवली, आणि हळूच हात वर केला. बायकोला खोकला आहे, म्हणाले, आठ दिवस झाले.

पुढचे हात मी मोजत बसले न्हाय. कुंडलिककडं वळले आणि म्हणलं, रिक्षा काढा.